काळीज, काळजी आणि घड्याळ

मराठी भाषेने काळजाला जी कामे नेमून दिली आहेत, त्यांत रक्त ढकलणे हे काम फार खालच्या क्रमांकावर येते. काळीज तुटते, पिळवटते, त्याचे पाणी होते, त्याचा तुकडा परदेशी शिकायला जातो आणि विजेचे बिल हाती पडले की त्याचा ठोका चुकतो. परंतु या साऱ्या घडामोडींची नोंद आजवर केवळ वाक्प्रचारांत होत असे, आणि वाक्प्रचाराला तारीख, वेळ व आलेख जोडण्याची प्रथा नव्हती. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती पडली. मनगटावर बांधण्याच्या चतुर घड्याळाने, म्हणजे स्मार्टवॉचने, ठोका चुकणे हा शब्दप्रयोग शब्दशः घेतला आणि पिढ्यान्‌पिढ्या बिनहिशेबी चाललेला हा व्यवहार एकाएकी ऑडिटखाली आला. या ऑडिटामुळे काही माणसे वेळेवर डॉक्टरांकडे पोचली आणि वाचली, ही गोष्ट खरी आहे. उरलेल्यांचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नाडी आणि मोजमाप यांचे नाते जुने असले, तरी ते फार काळ सलोख्याचे नव्हते. शार्ङ्गधरसंहितेत नाडीचे वर्णन प्राण्यांच्या चालींवरून केलेले आहे: वाताची नाडी साप किंवा जळू यांच्यासारखी, पित्ताची कावळा किंवा बेडूक यांच्यासारखी आणि कफाची हंस किंवा पारवा यांच्यासारखी चालते. त्यामुळे रुग्णाला आपल्या मनगटात सध्या कोणता प्राणी मुक्कामाला आहे एवढे कळत असे, मात्र आकडा हाती नसल्याने आपला बेडूक शेजाऱ्याच्या बेडकापेक्षा किती चपळ आहे याची तुलना करण्याची सोय नव्हती. ती सोय इंग्लंडमधील सर जॉन फ्लॉयर या वैद्याने केली. नाडी मोजण्यासाठी त्याने बरोबर एक मिनिट चालून थांबणारे घड्याळ करवून घेतले आणि १७०७ साली त्यावर ग्रंथही लिहिला. पुढे १८८७ साली ऑगस्टस वॉलर याने मानवी हृदयातील विजेचा आलेख प्रथम टिपला, आणि हे प्रयोग लोकांना दाखवण्यासाठी जिमी नावाच्या आपल्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात बुडवून त्याला उभे केले. १९०९ साली या प्रकाराबद्दल ब्रिटिश संसदेत क्रूरतेचा प्रश्न विचारला गेला, तेव्हा ते पाणी म्हणजे निव्वळ मिठाचे पाणी असून समुद्रात पाय बुडवण्यापलीकडे कुत्र्याला काहीही सोसावे लागत नाही, असा खुलासा गृहमंत्र्यांना करावा लागला. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइनथोव्हेन याने जे यंत्र उभारले, ज्याच्याशी निगडित संशोधनासाठी त्याला १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचे वजन सुमारे २७० किलो होते. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय बादल्यांत बुडवून बसे आणि ते चालवायला पाच माणसे लागत. आज तेच काम एका बोटाने होते. निघालेल्या आलेखाचा अर्थ लावायला मात्र अजूनही पाच माणसेच लागतात, आणि ती सर्व नात्यातली असतात.

घड्याळ हृदयाची चौकशी दोन रीतींनी करते. पहिली रीत गुपचूप आहे. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेवर उजेड टाकतात. रक्त तांबडे असल्यामुळे हिरवा उजेड शोषून घेते, ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढले की परतणारा उजेड घटतो, दोन ठोक्यांच्या मधल्या काळात तो पुन्हा वाढतो आणि या चढउतारावरून ठोके मोजले जातात. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी म्हणतात, आणि हा शब्द एका दमात उच्चारू पाहणाऱ्याचे ठोके त्याच पद्धतीने वाढलेले दिसतात. दिव्यांना माणूस ओळखता येत नाही, फक्त चढउतार ओळखता येतो. २०१८ साली चीनमधील काही चौकस ग्राहकांनी मनगटी पट्टा शौचालयातल्या कागदाच्या गुंडाळीला बांधून पाहिला, तेव्हा गुंडाळीचीही नाडी लागली. गुंडाळीने तो आकडा कोणाला दाखवला नाही आणि रात्रही जागून काढली नाही, एवढ्या एका बाबतीत ती माणसापेक्षा समजूतदार ठरली.

दुसरी रीत ईसीजीची, म्हणजे हृदयातील विजेच्या आलेखाची आहे. ॲपल कंपनीने ती २०१८ साली आपल्या चौथ्या मालिकेच्या घड्याळात आणली आणि पुढच्या वर्षी ती भारतातही सुरू झाली. दुसऱ्या हाताचे बोट घड्याळाच्या बाजूच्या गोल चावीवर तीस सेकंद टेकवले की दोन्ही हात आणि त्यांच्यामधले हृदय मिळून एक मंडल पूर्ण होते आणि पडद्यावर रेघ उमटू लागते. हॉस्पिटलातल्या ईसीजीत अंगाला दहा तारा लावून हृदयाकडे बारा बाजूंनी पाहिले जाते. घड्याळ एकाच बाजूने पाहते, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये खांबामागची खुर्ची मिळालेल्या पाहुण्याला जेवढे लग्न दिसते तेवढे हृदय त्याला दिसते. अर्थात वधूवर चालत आहेत की अडखळत आहेत, एवढे खांबामागूनही कळते, आणि घड्याळाचा दावाही तेवढाच आहे.

या तपासणीची एक अट अशी की हात टेबलावर टेकवून, न हलता आणि न बोलता तीस सेकंद बसावे लागते. ही अट ज्यांनी घातली, त्यांनी मराठी स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत ती पाळून पाहिली असावी असे वाटत नाही. गृहस्थांनी चावीवर बोट टेकवले की साधारण नवव्या सेकंदाला आतून आवाज येतो, "अहो, दुधाखालचा गॅस बंद केलात का?" गृहस्थ मान न हलवता "हं" म्हणतात. "हं म्हणजे केलात, की करायचाय?" यावर ते मोकळ्या हाताने खूण करू पाहतात, परंतु मोकळा हात चावीवर गुंतलेला असतो, म्हणून भुवयांनी खूण करतात; भुवया भिंतीपलीकडे दिसत नसल्यामुळे प्रश्न तिसऱ्यांदा आणि अधिक वरच्या पट्टीत येतो, आणि पडद्यावर "अनिर्णायक" हा निकाल झळकतो. अनिर्णायक याचा अर्थ एवढाच की या रेघेवरून घड्याळाला काही सांगता येत नाही. गृहस्थ मात्र तो अर्थ हॉस्पिटलच्या बोळात डॉक्टर नातेवाइकांशी जसे अर्धवट बोलतात तसा लावतात: याला काहीतरी कळले आहे, पण तोंडावर सांगत नाही. दुसरा प्रयत्न इस्त्रीवाल्याच्या बेलने मोडतो, तिसरा कुकरच्या शिट्टीने दचकवला जातो, आणि चौथ्या वेळी सारे शांत असते तेव्हा पहिल्या तीन प्रयत्नांच्या संतापाने ठोके एवढे वाढलेले असतात की घड्याळ त्याबद्दल वेगळी सूचना देते.

ज्या विकाराच्या शोधासाठी हा खटाटोप आहे, त्याचे नाव एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे कर्णिकांचे कंपन. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका आणि खालच्या दोहोंना जवनिका म्हणतात. उजव्या कर्णिकेतील सायनस नोड नावाचा पेशींचा लहानसा पुंजका हा हृदयाचा अध्यक्ष होय. तो विजेचा एक इशारा देतो, कर्णिका आकसतात, इशारा मधल्या दारातून खाली जातो आणि जवनिका आकसतात. कर्णिकांचे कंपन सुरू झाले की या शिस्तबद्ध सभेची गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा होते. पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत प्रत्येक कोपऱ्यातला सभासद एकाच वेळी बोलू लागतो, मिनिटाला ३०० ते ६०० इशारे निघतात, अध्यक्षांची घंटा कोणालाही ऐकू जात नाही, आणि कर्णिका आकसण्याऐवजी नुसत्या थरथरतात. मधल्या दारावरचा ए-व्ही नोड हा पहारेकरी या गर्दीतून ज्यांना जमेल त्यांनाच खाली सोडतो. म्हणून नाडी अनियमित पडते, आणि त्या अनियमितपणातही काही नियम सापडत नाही. सभेचे काही ठराव न होता चहा मात्र साचून राहतो, तसे कर्णिकेच्या कोपऱ्यात रक्त साचून राहते, त्याची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत जाऊन अडकली तर पक्षाघात होतो. हा धोका अशा रुग्णांत इतरांच्या सुमारे पाचपट असतो. पुष्कळांना या सभेची वर्दीच लागत नाही, आणि घड्याळाचे खरे मोल तिथे आहे. हृदयविकाराचा झटका मात्र घड्याळाला ओळखता येत नाही. तसे ते स्वतःच पडद्यावर लिहून दाखवते, परंतु तो मजकूर "पुढे चला" या बटणाच्या वर असल्यामुळे आजवर वाचला गेलेला नाही.

या यंत्राचा मानवी वर्तनावरील परिणाम पाहण्यासाठी एका सरासरी गृहस्थांची कल्पना करणे सोयीचे होईल. सरासरी असल्यामुळे ते कोणी एक नव्हेत. त्यांचे वय ६४, निवास पुण्यात, बँकेतून निवृत्ती, रक्तदाबाची एक गोळी, आणि घड्याळ टेक्सासहून आलेल्या मुलाने दिलेले, जे प्रथम सहा महिने कपाटात खोक्यासह जपून ठेवलेले होते. घड्याळ हाताला लागल्यापासून तळजाईच्या टेकडीवरील त्यांच्या प्रातःकालीन मंडळात राजकारण मागे पडले आणि विश्रांतीच्या वेळचे ठोके हा विषय पुढे आला.

"तुमचा रेस्टिंग किती?"

"अठ्ठावन्न."

"आमचा बावन्न असतो," असे म्हणून दुसऱ्यांनी, पगार सांगताना वापरायचा असतो त्या आवाजात, क्षणभर थांबून पुढे पाहिले. तेव्हा मागून येणारे तिसरे गृहस्थ म्हणाले, "आमच्या मेव्हण्यांचा अडतीस होता. पेसमेकर बसवला." यानंतर त्या मंडळींत जी तीस सेकंद शांतता पसरली, तेवढ्यात सर्वांचेच ईसीजी उत्तम निघाले असते.

घड्याळ सर्व प्रसंग सारखेच मानते, आणि या समदृष्टीचा त्रास मनुष्यप्राण्याला होतो. विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकाशेजारी उभे राहिल्यावर आवाज कानांना घातक असल्याचा इशारा येतो, आणि तो कंपनाने येत असल्यामुळे हादरले ते घड्याळ की बरगड्या हे ठरवता येत नाही. एका शोकसभेत सर्व मंडळी मान खाली घालून बसलेली असताना मनगटाला सूचना आली की उभे राहण्याची वेळ झाली आहे. सरासरी गृहस्थ आज्ञाधारकपणे उभे राहिले, त्यांना पाहून शेजारचे उठले, त्यांना पाहून सभागृह उठले, आणि कार्यक्रमपत्रिकेत अखेरीस असलेले दोन मिनिटांचे मौन पहिल्याच वक्त्याच्या वाक्याच्या मध्यावर पाळले गेले. मौन संपल्यावर घड्याळाने त्यांचे अभिनंदन केले.

पहिली गंभीर सूचना आली ती सोसायटीच्या देखभाल शुल्काची थकबाकी वाचत असताना: बसलेल्या अवस्थेत ठोके दहा मिनिटे १२० च्या वर आहेत. अशा सर्व सूचनांचे सार दोन शब्दांत मावते, डॉक्टरांना दाखवा. आणि अभ्यासान्ती असे दिसते की या दोन शब्दांपैकी "दाखवा" एवढाच शब्द माणूस मनावर घेतो. गृहस्थांनी ती सूचना प्रथम पत्नीला दाखवली. "पित्त आहे. रात्री भजी नको म्हटलं होतं," हे निदान त्यांना दोन सेकंदांत आणि विनामूल्य मिळाले. तिसऱ्या मजल्यावरील निवृत्त इंजिनिअरांनी घड्याळ चष्म्याजवळ धरून पट्टा एक भोक ढिला असल्याचे सांगितले. औषधाच्या दुकानदाराने दोन प्रकारच्या गोळ्या काउंटरवर ठेवून "यातली कुठली घेता?" असा प्रतिप्रश्न केला. शाळेच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर सूचनेचे छायाचित्र टाकताच अर्जुनाची साल, लसूण, दीर्घ श्वसन आणि एक यूट्यूबची फीत आली, अकरा जणांनी हात जोडले, आणि छायाचित्र न उघडता उत्तर देणाऱ्या तिघांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. टेक्सासमध्ये पहाटेचे तीन वाजले असताना व्हिडिओ कॉलवर उठवलेल्या मुलाने डोळे न उघडता सल्ला दिला, "बाबा, एकदा बंद करून चालू करा." हा सल्ला घड्याळासंबंधी होता की हृदयासंबंधी, हे विचारायचे राहून गेले.

या बाबतीत मराठी माणसाला वेगळे काढून दोष देण्याचे कारण नाही. ॲपलच्या पैशाने स्टॅनफर्ड विद्यापीठाने अमेरिकेत जो मोठा अभ्यास केला आणि जो २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात ४,१९,२९७ माणसांच्या मनगटांवर लक्ष ठेवले होते. त्यांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे शेकडा अर्ध्या माणसाला, नाडी अनियमित असल्याची सूचना गेली. आणि सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी पुढची प्रश्नावली भरली, त्यांतल्या ५७ टक्क्यांनीच अभ्यासाबाहेरच्या डॉक्टरांशी संपर्क साधल्याचे दिसले. उरलेल्यांनी बहुधा आपापल्या तिसऱ्या मजल्यावर चौकशी केली असावी. ज्या ४५० जणांनी छातीवर चिकटवायची पट्टी वापरून परत पाठवली, त्यांतल्या ३४ टक्क्यांच्या आलेखात कर्णिकांचे कंपन सापडले. बाकीच्यांच्या बाबतीत घड्याळ खोटे बोलले असे मात्र म्हणता येत नाही, कारण पट्टी पोस्टाने येऊन छातीवर चिकटेपर्यंत बरेच दिवस जात, आणि हा विकार प्रारंभी येऊन-जाऊन असतो. दुरुस्तीवाला दारात उभा राहिला की टीव्ही स्वच्छ दिसू लागतो, हा नियम हृदयालाही लागू आहे.

अखेर गृहस्थ डॉक्टरांकडे गेले, ते त्रेचाळीस आलेखांची छापील फाइल घेऊन. डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली, त्यांच्या मनगटावर तीन बोटे टेकवली आणि भिंतीवरच्या, औषध कंपनीने भेट दिलेल्या घड्याळाकडे मिनिटभर पाहिले. "नाडी उत्तम आहे," ते म्हणाले. एवढ्या महागड्या यंत्राची तपासणी भिंतीवरच्या फुकट घड्याळाने व्हावी, हे गृहस्थांना फारसे रुचले नाही. "पण पान नंबर एकोणतीसवर रेघ जरा वाकडी आहे," त्यांनी आग्रह धरला. "तेव्हा काय करत होता?" "शिंकलो होतो." डॉक्टरांची ही सोशिकता जागतिक आहे. अमेरिकेतील वैद्यकांनी २०२० साली सत्तर वर्षांच्या एका बाईंची हकीकत लिहिली आहे. त्यांना कर्णिकांचे कंपन मधूनमधून होत असे, आणि प्रकृती स्थिर असतानाही त्यांनी घड्याळावर वर्षभरात ९१६ ईसीजी काढले व बारा वेळा दवाखाने आणि आपत्कालीन विभाग गाठले. धाकटे विचारपूस करत नसताना थोरल्यांनी दिवसातून अडीच वेळा स्वतःच्या हृदयाला "बरा आहेस ना?" असे विचारावे, यात विचारणाऱ्याचे फारसे चुकत नाही, परंतु दिवसातून अडीच वेळा विचारल्यावर बरे असलेले हृदयही विचारात पडते.

यापुढील घटनाक्रम पावलांमुळे घडला. दिवसाला दहा हजार पावलांचा दंडक कोणा वैद्याने घालून दिलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये एक पाऊलमापक विकायला आला, त्याचे नावच "दहा हजार पावलांचे मापक" असे होते, आणि त्या नावाची पुढे आरोग्यसंहिता झाली. टेकडीवरील मंडळाने या संहितेवर आधारित मासिक स्पर्धा लावली आणि त्याच सुमारास सरासरी गृहस्थांचा उजवा गुडघा धरला. तेव्हा त्यांच्या असे लक्षात आले की आपली पत्नी घराबाहेर न पडता दिवसभर चालतच असते. प्रयोगादाखल त्यांनी घड्याळ तिच्या हाताला बांधले, आणि संध्याकाळपर्यंत ओटा, देवघर, गच्ची, वॉशिंग मशीन व दार या पंचक्रोशीत नऊ हजार चारशे पावले भरली.

"भांडी घासताना काढून ठेवू का?" तिने विचारले.

"नको, वॉटरप्रूफ आहे," ते उदारपणे म्हणाले.

अशा रीतीने गृहस्थ कोचावर बसल्या बसल्या स्पर्धेत तिसरे आले. येथे एक तांत्रिक बाब सांगितली पाहिजे. नाडीची अनियमितता घड्याळ पाहते ते हात स्थिर असताना, आणि एकदा पाहून ते बोलत नाही. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या अनेक नोंदी बिघडलेल्या दिसल्या, तरच सूचना देते. या गृहिणीचा हात स्थिर असण्याची वेळ दुपारी दीड ते दोन, मालिकेचे पुनःप्रक्षेपण चालू असताना, एवढीच असल्यामुळे यंत्राला पुरेशा नोंदी जमवायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी दुपारी सूचना निघाली: आपल्या नाडीची लय अनियमित आढळली आहे. घड्याळ गृहिणीच्या हाताला होते, पण ती घड्याळाकडे पाहत नव्हती, कारण मालिकेत कोणाचा तरी खरा बाप उघड होत होता. घड्याळाला जोडलेला फोन आतल्या खोलीत गृहस्थांच्या छातीवर होता.

सूचना वाचताच गृहस्थांना धडधडू लागले. तळहातांना घाम आला, डावा हात जड वाटू लागला, आणि तो हात रिकामा आहे ही गोष्ट त्या जडपणात त्यांच्या ध्यानी आली नाही. "अगं," ते क्षीण स्वरात म्हणाले, "आलं." गृहिणीने टीव्ही बंद केला, गॅस बंद केला, फाइल, विम्याचे कार्ड, पाण्याची बाटली आणि त्यांचा स्वेटर घेतला, तिसऱ्या मजल्यावर किल्ली दिली, खाली उतरून रिक्षा आणली, आणि पुन्हा वर येऊन त्यांना धरून खाली नेले. या अवधीत घड्याळाने सहाशे पावलांची नोंद केली.

हॉस्पिटलात फोनवरील सूचनेत गृहस्थांचे नाव आणि जन्मतारीख पाहून त्यांच्या नावे केसपेपर निघाला, त्यांना पलंगावर घेण्यात आले, दहा तारा लागल्या आणि जो आलेख निघाला तो विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या लायकीचा निघाला. ड्यूटीवरील तरुण डॉक्टरांनी आलेखाकडे पाहिले, फोनकडे पाहिले आणि विचारले, "काका, घड्याळ कुठंय?" गृहस्थांनी सवयीने डावा हात पुढे केला. मनगटावर सहा महिन्यांच्या पट्ट्याची पांढरी खूण होती, तिच्यावर काहीही नव्हते. डॉक्टरांची नजर त्या खुणेवरून हळूहळू पलंगाच्या पायथ्याशी गेली, जिथे खुर्ची नसल्यामुळे एक बाई दोन पिशव्या, एक स्वेटर आणि एक बाटली घेऊन उभ्या होत्या.

"काकू, तुमचा हात बघू." त्यांनी तीन बोटे टेकवली आणि मिनिट संपल्यावरही ती उचलली नाहीत. "धडधडतं का कधी?"

"धडधडतं ना. दिवाळीपासून. चकलीच्या भाजणीच्या वेळी तर बसावंच लागलं."

"मग दाखवलं नाहीत?"

"त्यांचे ठोके चालले होते ना," काकू म्हणाल्या.

दुसरा केसपेपर निघाला आणि पलंग एकच असल्यामुळे पहिल्या रुग्णाला उठावे लागले. आलेखात कर्णिकांचे कंपन स्पष्ट दिसले. रक्तदाब, थायरॉइडची तपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, एवढे झाल्यावर वय, रक्तदाब, मधुमेह अशा बाबींना गुण देऊन त्यांची बेरीज करण्यात आली. ही बहुधा एकमेव परीक्षा असावी जिच्यात शून्य मिळालेल्याला घरी पाठवतात आणि गुण मिळवणाऱ्याला गोळ्या देतात. काकूंना गुण मिळाले. रक्त गोठू न देणारी एक गोळी आणि ठोक्यांना आवर घालणारी दुसरी अशा दोन गोळ्या सुरू झाल्या, आणि घड्याळ त्यांच्याच हाताला राहू द्यावे असे डॉक्टरांनी सांगितले. गृहस्थांनी पिशव्या उचलल्या. त्या पहिल्यांदाच उचलल्यामुळे त्यांचे ठोके किंचित वाढले असावेत, पण त्याची कुठे नोंद झाली नाही.

घड्याळातील नाव बदलण्यासाठी जो संकेतशब्द लागतो तो टेक्सासमधील मुलाला ठाऊक आहे, आणि तो विचारण्याची वेळ दोन्ही देशांच्या झोपांत बसत नाही. म्हणून यंत्राच्या दफ्तरी आजही असे आहे की पुण्यातील ६४ वर्षांच्या एका पुरुषाची लय बिघडली होती, ती उपचारांनी बहुतांशी सुधारली आहे, हे गृहस्थ दररोज नऊ हजारांवर पावले चालतात आणि दुपारी दीड ते दोन या वेळात तेवढे स्वस्थ बसतात. ही प्रगती पाहून टेकडीवरील मंडळाने गृहस्थांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. तो नारळ घरी आल्यावर फोडून, खवून आणि त्याच्या वड्या थापून होईपर्यंत त्यांच्या खात्यावर आणखी अकराशे पावले जमा झाली.